पाणी तपकिरी झाले, थकवा तिथेच

टबमध्ये कोमट पाणी, त्यात मूठभर मीठ. पेशंटने पाय सोडून बसायचे आणि पायांच्या मधोमध वायर जोडलेली धातूची एक नळी ठेवायची. बटण दाबल्यावर पाच-सात मिनिटांत पाणी पिवळट होते, मग तपकिरी. अर्ध्या तासाने वर फेस आणि गाळ तरंगू लागतो. यंत्राबरोबर एक रंगीत तक्ता येतो. तपकिरी म्हणजे यकृतातली घाण, केशरी म्हणजे सांध्यांतली, काळे ठिपके म्हणजे जड धातू. पेशंट वाकून आपल्या पायांखालचे पाणी बघतो आणि त्याला वाटते, वर्षभर अंग गळून जायचे ते या घाणीमुळेच.

हा टब नेमका कसा चालतो, शरीरातले विष खरोखर कुठून बाहेर पडते, आणि महिनोन् महिने न जाणाऱ्या थकव्याचा माग कसा काढायचा, हे जरा सावकाश पाहू. पेशंट म्हणून एक बाई डोळ्यांसमोर ठेवू. ती खरी कुणी नाही. वय चाळिशीतले. पेणमधल्या गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते. गणेशोत्सव जवळ आला की रात्री बारा-बारा वाजेपर्यंत ब्रश हातात. तिचा भाऊ रोह्याला असतो, धाटावच्या एमआयडीसीत रसायनांच्या कंपनीत पाळ्या करतो. दोघांचेही म्हणणे एकच, अंगात कस राहिला नाही. झोपून उठले तरी उठल्यासारखे वाटत नाही. डॉक्टरांनी तपासून 'काही नाही, आराम करा' म्हटले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, थकवा राहिला. मग कुणीतरी सांगितले की शरीरात विष साठले आहे, ते आधी काढायला हवे.

आता टबाकडे. त्या नळीच्या आत पोलादी पट्ट्या असतात. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते. एकदिश प्रवाह सोडला की धन बाजूच्या पट्टीतले लोखंड पाण्यात उतरते आणि त्याचा गंज तयार होतो. ऋण बाजूला हायड्रोजनचे बुडबुडे येतात, फेस होतो तो त्यांच्यामुळे. मिठातल्या क्लोराइडपासून थोडा क्लोरीन सुटतो, म्हणून पोहण्याच्या तलावासारखा वास येतो आणि तोही 'औषधी' वाटतो. पाण्यात क्षार किती, मीठ किती, प्रवाह किती वेळ चालला, यावर रंग ठरतो. पायांवरची धूळ आणि मृत त्वचा गाळात मिसळते, एवढाच पायांचा वाटा. पट्ट्या झिजतात आणि ठरावीक वापरानंतर नव्या घ्याव्या लागतात. झिजलेले पोलाद गेले कुठे, तर त्या तपकिरी पाण्यात.

खात्री करून घ्यायची असेल तर यंत्रवाल्याला एकच विनंती करावी: पाय न घालता अर्धा तास चालवून दाखवा. पाणी तेवढेच तपकिरी होते. ब्रिटिश डॉक्टर-लेखक बेन गोल्डेकर यांनी बाहुलीचे पाय बुडवून हाच प्रयोग केला होता. बाहुलीच्या अंगातूनही भरपूर 'विष' निघाले. २०१२ मध्ये कॅनडात या यंत्राची रीतसर तपासणी झाली. माणसांना पाय बुडवून बसवले, आधीचे आणि नंतरचे पाणी तपासले, लघवी आणि केसही तपासले. पायांतून जड धातू बाहेर पडल्याचा पुरावा मिळाला नाही. ही तपासणी करणारे संशोधक निसर्गोपचार शिकवणाऱ्या संस्थेतलेच होते, हे मला विशेष वाटते. आपल्या घरचे यंत्र आपणच तपासायला धाडस लागते.

रात्री तळपायाला चिकटवायच्या पट्ट्यांबद्दल फार बोलायला नको. त्यांत बांबूच्या धुरापासून केलेल्या व्हिनेगरची भुकटी असते. घामाने ओली झाली की ती काळी पडते. वाफेवर धरली तरी पडते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अशा पट्ट्यांच्या एका विक्रेत्यावर २००९ मध्ये खटला भरला होता.

'लिव्हर क्लीन्स' मात्र जास्त चतुर आहे. दिवसभर सफरचंदाचा रस, संध्याकाळी एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जे कडक रेचक आहे, आणि रात्री अर्धा पेला ऑलिव्ह तेलात लिंबाचा रस. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवट, मऊ खडे दिसतात. पित्ताशयातले खडे शस्त्रक्रियेशिवाय पडले म्हणून माणूस त्यांचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवतो. न्यूझीलंडमधल्या एका चाळीस वर्षांच्या बाईने हे खडे डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ते प्रयोगशाळेत तपासले आणि २००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अहवाल दिला. खड्यांत ना कोलेस्टेरॉल होते, ना पित्ताचा रंग, ना कॅल्शियम. तीन-चतुर्थांश भाग स्निग्धाम्लांचा होता, आणि चाळीस अंशांवर दहा मिनिटे ठेवल्यावर ते वितळून गेले. पोटातल्या पाचक रसांनी तेल फोडले, लिंबाच्या रसातले पोटॅशियम त्याला मिळाले आणि साबण झाला. साबणाच्या वड्या पोटात करण्याचा हा उद्योग यकृताच्या खात्यावर जमा होतो.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट सारखी आहे: काहीतरी दिसते. शरीर स्वतः करते ती सफाई कधीच दिसत नाही, आणि नेमके तिथेच आपण फसतो.

यकृत साधारण दीड किलोचे असते आणि मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त त्यातून जाते. औषध, दारू, कीटकनाशकाचा अंश, आतड्यातल्या जिवाणूंनी केलेला अमोनिया, सगळे तिथे येते. बरीचशी परकी द्रव्ये तेलात विरघळणारी असतात, म्हणून ती लघवीतून सहज जात नाहीत. यकृतातली विकरे आधी त्यांच्या रेणूत बदल करतात आणि मग त्यांना दुसरा एखादा रेणू जोडून ती पाण्यात विरघळतील अशी करतात. काही पित्तातून आतड्यात आणि शौचावाटे जातात, बाकीची मूत्रपिंडांकडे. दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातले जवळजवळ सगळे परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी तेवढी बाहेर सोडतात. हे काम रात्री आपण झोपल्यावरही चालू असते. घामातून पाणी आणि मीठ जाते. तळपायाची त्वचा तर शरीरातली सर्वांत जाड, तिथून यकृतातली घाण बाहेर यायला वाटच नाही.

हे अवयव बंद पडले तर डॉक्टरांना लगेच कळते. यकृत बिघडले की कावीळ होते, पोटात पाणी साठते, शुद्ध हरपते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तातले क्रिएटिनिन चढते. त्यानंतर रक्त खरोखर यंत्राने धुवावे लागते; डायलिसिस म्हणतात ते हेच. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी साधारण चार तास. डायलिसिस करून घरी आलेल्या माणसाला विचारा. तरतरीत वाटायचे सोडाच, बरेच जण तो दिवस आडवे पडूनच काढतात. रक्त धुतले की हुशारी येते ही कल्पना तिथेच तपासून पाहता येते.

आता रोह्याचा भाऊ म्हणेल, तुमचे सगळे ठीक, पण आमच्याकडे विष खरेच आहे. त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्याला वासावरून कंपनी ओळखता येते. रंगाच्या फवाऱ्यासमोर दिवस काढणाऱ्या त्याच्या बहिणीच्याही नाकातोंडात काय काय जाते. म्हणून खरे विष असले की वैद्यकशास्त्र काय करते हे बघायला हवे, आणि त्यासाठी रायगड जिल्ह्यातून बाहेर जायची गरज नाही.

महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास एक तरुण डॉक्टर रुजू झाले, हिंमतराव बावस्कर. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले पाहता पाहता दगावत होती. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले: घाम, उलटी, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब, मग फुप्फुसांत पाणी. त्यांची निरीक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. विंचवाचे विष शरीरातल्या चेतातंतूंना भडकवते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय थकते, हे ओळखून त्यांनी रक्तदाबाचे एक स्वस्त औषध वापरले, प्राझोसिन. मृत्यूचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या घरातून एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनने विष 'बाहेर काढले' नाही. विष कोणते, ते शरीरात कुठे काय करते, एवढे कळल्यावर त्याचा मार्ग अडवला. पुढची सफाई शरीराने केली.

इतर खऱ्या विषबाधांचेही तसेच. कीटकनाशकांतली सेंद्रिय फॉस्फरसची द्रव्ये अंगात गेली तर रक्तातल्या कोलिनेस्टरेजची तपासणी होते आणि अट्रोपिन, प्रालिडॉक्सिम देतात. पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर गेले तर अॅसिटिलसिस्टीन. शिशाची बाधा असेल तर रक्तातले शिसे मोजतात, आकडा फार वर असेल तर त्याला धरून लघवीतून नेणारी औषधे रुग्णालयात देतात, आणि पुन्हा मोजतात. प्रत्येक ठिकाणी विषाला नाव आहे, मोजमाप आहे, उतारा त्या एकाच विषासाठी आहे. डिटॉक्सवाल्याला विचारून बघा: कोणते विष, किती होते, आता किती उरले? उत्तरात 'टॉक्सिन्स' हाच शब्द फिरून येतो.

म्हणून धाटावच्या भावाने टबात पाय घालण्यापेक्षा कंपनीत दोन कागद मागावेत. एक, ज्या रसायनाजवळ तो काम करतो त्याचे सुरक्षा माहितीपत्रक. दुसरा, त्याच्या स्वतःच्या वैद्यकीय तपासणीची नोंद. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात जी कलमे घातली, त्यांनी धोकादायक प्रक्रियेतल्या कामगारांची ठरावीक मुदतीने तपासणी आणि तिच्या नोंदी बंधनकारक केल्या, त्या कामगाराला बघता येतील अशीही तरतूद केली. ते दोन कागद घेऊन डॉक्टरकडे गेले तर कोणती तपासणी करायची हे डॉक्टरला कळते. नाहीतर तोही अंदाजच बांधणार. आणि पाळीचा प्रश्न वेगळाच: आठवड्याआड रात्रपाळी करणाऱ्या माणसाची झोप तुटलेलीच असते. त्याचा थकवा रसायनाचा की झोपेचा, हे सुटीच्या आठवड्यात तो कसा असतो यावरून थोडेफार उलगडते.

एवढे सगळे असूनही डिटॉक्स करून आलेली माणसे म्हणतात, मला फरक पडला. ती खोटे बोलत नाहीत. सात दिवसांच्या शिबिरात काय काय होते ते मोजा. दारू बंद, तंबाखू बंद, वडापाव बंद, चहा कमी. रात्री दहाला दिवे बंद. घरचे काम नाही, रंगकाम नाही, सासूचे बोलणे नाही. कुणीतरी अर्धा तास बसून तुमचे ऐकते. सरकारी बाह्यरुग्ण विभागात तेवढा वेळ कुणाकडेच नसतो. जुलाबाने आतडे रिकामे झाले, पाणी गेले, वजन दोन किलो उतरले, अंग हलके वाटले. ते पाणी पुढच्या दोन-तीन दिवसांत परत येते. शिवाय असा थकवा कधी चढतो, कधी उतरतो. माणूस उपाय शोधायला निघतो तो अगदी वाईट दिवसांत, आणि वाईट दिवसांनंतर जरा बरे दिवस आपोआपही येतात. त्याचे श्रेय मधल्या टबाला मिळते.

उलट त्रास वाढला तरी यंत्रवाल्याची अडचण होत नाही. डोके दुखले, गरगरले, अंगावर पुरळ आले, तर ती 'हीलिंग क्रायसिस', विष बाहेर पडताना असे होतेच. बरे वाटले तर विष गेले, बिघडले तर विष जाते आहे. ज्या उपचाराला चुकायची सोयच ठेवलेली नाही, त्यापासून मी तरी दूर राहीन.

निसर्गोपचाराचा महाराष्ट्रातला इतिहास मात्र या टबापेक्षा पुष्कळ सभ्य आहे. गांधीजींनी लुई कुने आणि अॅडॉल्फ यूस्ट या जर्मन लेखकांपासून माती-पाण्याचे उपचार उचलले, पुण्यात दिनशा मेहतांच्या उपचारगृहात ते राहिले, आणि मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचनला जाऊन स्वतः रोगी तपासले. तिथला आश्रम आजही चालू आहे. पेणला तर हा विषय घरचा आहे. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भावे जन्मले. १९३८ मध्ये त्यांची प्रकृती इतकी ढासळली की वजन ८८ पौंडांवर, म्हणजे जेमतेम ४० किलोवर आले. गांधीजींनी डॉक्टरांना दाखवा, थंड हवेच्या ठिकाणी जा, असे सुचवले. विनोबा गेले ते वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीकाठच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. सगळ्या कामांच्या चिंता त्यांनी मनातून काढून टाकल्या आणि स्वस्थ राहिले. मग जमीन खणायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटे, रोज थोडी थोडी वाढवत. वर्षभराच्या आत वजन ४० पौंडांनी वाढले. त्यांनी काही 'काढून' टाकले असेल तर ते काम आणि काळजी. विश्रांती, पुरेसे खाणे आणि मोजून वाढवलेले श्रम, एवढ्यावर ते उभे राहिले.

हेच विनोबा डिसेंबर १९५२ मध्ये भूदानयात्रेत तेव्हाच्या बिहारमधल्या चांडिल इथे मलेरियाने आडवे झाले. आधी औषधाला नकार दिला; प्रकृती हाताबाहेर चालली तेव्हा लोकांच्या आग्रहाखातर घेतले आणि बरे झाले. विश्रांतीने सावरणारी क्षीणता वेगळी आणि रक्तात परजीवी असलेला ताप वेगळा. थकलेल्या पेशंटच्या बाबतीत सगळी मेख या निवडीत आहे, आणि ती निवड तपासणीशिवाय होत नाही.

तपासणीकडे वळण्याआधी पंचकर्माबद्दल. पाय बुडवायच्या टबाशी त्याला एका पंक्तीत बसवणे अन्याय आहे. वमन, विरेचन, बस्ती, नस्य, रक्तमोक्षण यांना जुनी परंपरा आहे, शिकलेले वैद्य आहेत. पण त्या परंपरेतच स्पष्ट सांगितले आहे की शोधन बलवान माणसाचे करावे. जो आधीच दुर्बळ, क्षीण आहे त्याला वमन-विरेचन देऊ नये, त्याचे आधी पोषण करावे. अंगात कस नाही म्हणून आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी जुलाब देणारे 'पॅकेज' आयुर्वेदाच्या विरोधात जाते. आधुनिक भाषेत सांगायचे तर जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम घसरते, स्नायू आणखी लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना रसांवर राहणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक हेही खरे नाही. कडू दुधीचा रस विषारी असतो. २०१० मध्ये दिल्लीत असा रस पिऊन मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. दुधीचा तुकडा चाखून कडू लागला तर फेकून द्यावा, हे आपल्या आज्या जाणत होत्या. मिक्सरमध्ये आवळा-आल्याबरोबर फिरवल्यावर कडूपणा कळत नाही. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आणि शिशाचे तर काय सांगावे. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. शिसे अंगात साठले की रक्त कमी होते, पोटात कळा येतात आणि माणूस थकतो. विष काढायला घेतलेल्या पुडीतून विष जायचे, असे होऊ शकते. पुडीवर उत्पादकाचे नाव आणि परवाना क्रमांक नसेल तर ती तोंडात घालूच नये.

'ताकदीची सलाइन' हा आपल्याकडचा दुसरा टब. अर्धा लिटर साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, बाकी पाणी. 'ग्लुकोज'च्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, सुमारे शंभर कॅलरी. एका केळ्यात तेवढ्या मिळतात. जुलाबांनी सुकलेल्या माणसाला सलाइन जीवदान देते. बाकीच्यांना ती दोन तास पंख्याखाली झोपायची संधी देते, आणि कदाचित त्याचेच बरे वाटत असेल.

मग आपल्या रंगकाम करणाऱ्या बाईने कुठून सुरुवात करावी? रक्तापासून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. म्हणजे शिबिरात रांगेत बसलेल्या दोघींपैकी एकीचे उत्तर हिमोग्लोबिनच्या आकड्यात असू शकते. चाळिशीत पाळीचा रक्तस्राव अनेकदा वाढलेला असतो आणि बायका ते सांगत नाहीत. डॉक्टरने विचारले पाहिजे, नाही विचारले तर आपण सांगितले पाहिजे. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातले लोह संपलेले असू शकते, ते फेरिटिनमधून कळते. त्यानंतर थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, लघवी. मांस-मच्छी न खाणाऱ्यांत बी-१२. पंधरवड्याच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे यांतले काही असेल तर क्षयासाठी थुंकी आणि छातीचा फोटो. जोराने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाच्या झोपेत श्वास अडकतो का, हे शेजारी झोपणाऱ्यालाच विचारावे. चालू गोळ्यांची यादीही दाखवावी, कारण रक्तदाबाच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी ग्लानी येते. आणि मन उदास आहे का, कशातच गोडी वाटत नाही का, हा प्रश्न टाळू नये. नैराश्याने आलेला थकवा खराच असतो आणि त्यावर उपचार आहेत.

यातल्या प्राथमिक तपासण्यांसाठी पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाता येते, पुढचे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एका डिटॉक्स पॅकेजच्या पैशांत यादीतल्या बहुतेक तपासण्या खासगी लॅबमध्येही होतात. पण लॅबचे 'फुल बॉडी चेकअप' आंधळेपणाने करू नये; शंभर आकड्यांत दोन-तीन तांबड्या रंगात येणारच, आणि त्यांचा अर्थ लावणारा कुणी नसेल तर तीही नवी भीती होते.

पावसाळ्यानंतरचा थकवा हा आपल्या भागातला वेगळा प्रकार. आवणीच्या चिखलात दिवस गेल्यावर येणारा लेप्टो, पावसानंतरचा डेंग्यू, सांधे धरणारा चिकुनगुन्या. ताप उतरतो, रिपोर्ट नॉर्मल येतात, पण माणूस आठवडे, कधी महिने पूर्वीसारखा होत नाही. बहुतेक जण हळूहळू सावरतात. या काळातच विष साठल्याची गोष्ट सर्वांत जास्त पटते, आणि तीन महिन्यांनी आपोआप बरा होणारा माणूस त्या टबाची जाहिरात करत हिंडतो.

सगळे तपासून झाले, काही सापडले नाही, आणि सहा महिने होऊनही थकवा तसाच, तर डॉक्टरने आणखी एका आजाराचा विचार करायला हवा: मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, थोडक्यात एमई-सीएफएस. कोविडनंतर हे नाव जगभर जास्त ऐकू येऊ लागले. त्याची खूण साध्या थकव्याहून वेगळी असते. थोडे जास्त श्रम झाले, शरीराचे किंवा डोक्याचेही, की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो आणि ते कोसळणे दिवस, कधी आठवडे टिकते. झोपून ताजेतवाने वाटत नाही. डोक्यात धुके, शब्द सापडत नाहीत. उभे राहिले की गरगरते. हा आजार दाखवणारी रक्ताची तपासणी अजून नाही आणि तो मुळापासून घालवणारे औषधही नाही. ही रिकामी जागा डिटॉक्सवाले भरतात.

इथे विनोबांचे गणित लागू पडत नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. रोज थोडे थोडे श्रम वाढवत नेण्याची पद्धत या आजारातही पूर्वी सुचवत. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत ठरावीक पद्धतीने वाढवत न्यायचा तो व्यायाम या रुग्णांना देऊ नये असे म्हटले, कारण अनेकांचा आजार त्याने बळावला होता. त्याऐवजी शक्ती जपून वापरायला शिकवतात. ती महिन्याच्या पगारासारखी धरायची: आज बरे वाटले म्हणून सगळी उडवली तर उरलेला महिना उसनवारीत जातो. आंघोळ आणि स्वयंपाक एकाच सकाळी नको. काम बसून करायचे, मध्ये पडून राहायचे, आणि दमल्यावर थांबण्याऐवजी दमण्याआधी थांबायचे. झोप, वेदना, उभे राहिल्यावर येणारी भोवळ यांवर डॉक्टर वेगवेगळी औषधे देऊ शकतात. त्यासाठी वहीत रोज दोन ओळी लिहून ठेवाव्यात: आज काय केले, उद्या-परवा काय झाले. डॉक्टरला त्या वहीतून जे कळते ते दहा रिपोर्टांतून कळत नाही.

घरच्यांना हे पटवणे सर्वांत कठीण जाते. बाई दिसायला चांगली दिसते, रिपोर्ट नॉर्मल आहेत, काल बाजारात जाऊन आली, आणि आज उठत नाही, म्हणजे आळस, असा हिशेब लावला जातो. कालच्या बाजाराचेच आजचे अंथरूण आहे, हे नवऱ्याला आणि सासूला डॉक्टरनेच समोर बसवून सांगावे. हंगामात कारखानदाराशी बोलून तिची रात्रीच्या कामातून सुटका करून घ्यावी, फवाऱ्याच्या खोलीतून बाहेर काढावे आणि खुर्चीवर बसून करायची आखणी दिवसाउजेडी दोन-दोन तासांच्या तुकड्यांत द्यावी. तेवढेही झेपत नसेल तर त्या हंगामात तिने घरी थांबावे.